मी क्वांगमध्ये रस्सा मागू नये! (क्वांग नाम, मध्य व्हिएतनाम, तिथलं खाणंपिणं)

तिरफळ

गेल्या महिन्यात दादा-वहिनी येऊन गेले. पाच दिवसांत तीनदा फो (नूडलचं पातळ सूप) खाल्लं आणि निघताना वहिनी म्हणाली, "तुमच्याकडचं जेवण छान असतं गं, पण जरा पाणचट." तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळतोय. अगं बाई, फो इथलं नाहीच. ते उत्तरेचं, हनोई आणि नाम दिन्हकडचं. दानांगला येऊन रोज फो खायचं म्हणजे कोल्हापुरात उतरून तीन दिवस इडली खायची आणि मग म्हणायचं कोल्हापूरच्या जेवणात काही दम नाही.

मी अडीच वर्षं दानांगमध्ये आहे, एका हॉटेलात हाऊसकीपिंग बघते. घरमालकीण बाई दिएन बानच्या, म्हणजे दानांग आणि होई आनच्या मधला भाग, अस्सल क्वांग नाम. मी त्यांना 'को' म्हणते. को म्हणजे शब्दशः आत्या, पण इथे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला चालतं. तर जे काही शिकले ते बरंचसं कोच्या ओट्यावर उभं राहून, आणि थोडं बोलणी खाऊन.

पहिली बोलणी मी क्वांगवरून. (हो, त्याचं नावच 'मी' आहे, आपलं 'मी' नव्हे. मी म्हणजे खरं तर गहू, पण नूडल तांदळाची. का ते विचारायचं नाही, आपण साबुदाण्याच्या वड्याला उपासाचं म्हणतो ते कुणी विचारतं का.) गल्लीच्या तोंडाशी एक बाई सकाळी सहापासून चार प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर दुकान मांडते, तिथे पहिल्यांदा गेले. वाडगा आला, त्यात खाली पाला, वर रुंद पट्ट्या, त्यावर दोन कोळंब्या, डुकराच्या मांसाचे तुकडे, लावी पक्ष्याचं एक अंडं, भाजलेले दाणे, आणि रस्सा म्हणाल तर तळाला दोन बोटं. मला वाटलं बाई विसरली. मिसळीला कट मागतो त्या थाटात वाडगा पुढे केला आणि माझ्या तोडक्यामोडक्या व्हिएतनामीत म्हटलं, अजून पाणी. बाईने माझ्याकडे बघितलं, डावाने एक पळी कशीबशी घातली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला काहीतरी म्हणाली, सगळे हसले. घरी येऊन कोला सांगितलं तर त्याही हसल्या. बाई म्हणत होती, एवढं पाणी हवं तर फो खा की.

मग कोने शिकवलं. मी क्वांग 'पितात' ते नव्हे, कालवतात. तो रस्सा मुद्दाम आटवलेला, दाट, खारट असतो, शेंगदाण्याच्या तेलात 'कू नेन' नावाचे लसणाच्या पाकळीहून बारीक, उग्र वासाचे कांदे परतून त्याचा वास त्यात उतरवलेला असतो. लिंबू पिळायचं, तिळाचा भाजलेला पापड हाताने चुरून टाकायचा, आणि तळापासून वर असं सगळं उलटंपालटं करायचं म्हणजे खालचं केळफूल, पुदिना, मोड आलेले मूग वर येतात आणि पट्ट्यांना रस्सा चिकटतो. पापड मऊ पडायच्या आत खायचं. मिरची चिरून टाकत नाहीत, लांब हिरवी मिरची डाव्या हातात धरून मधूनमधून कडाक्कन चावायची, अगदी वडापावसारखी. पहिला घास घेतला आणि मला भडंगाची आठवण झाली, चव वेगळी हो, पण तो दाण्याचा आणि कुरकुरीतपणाचा जो खेळ असतो ना तो तोच.

त्या पट्ट्या कशा करतात ते दिएन बानमधल्या फू चिएमला बघितलं, मी क्वांगसाठी ते गाव नावाजलेलं. भिजवलेला तांदूळ दळून घावनाच्या पिठाएवढं सैल पीठ, मोठ्या भांड्यात पाणी उकळतंय, भांड्याच्या तोंडावर कापड ताणून बांधलेलं. पळीभर पीठ त्या कापडावर, पळीच्याच बुडाने गोल फिरवायचं, झाकण, मनात वीस मोजायचे, मग बांबूची चपटी काठी खाली सरकवून अख्खी चकती ओलेत्या पदरासारखी उचलायची. शेंगदाणा तेलाचा हात फिरवून एकावर एक रचायच्या, घडी घालून बोटभर रुंद कापायच्या. आणि हीच चकती पातळ घालून उन्हात वाळवली की झाली बान्ह चांग, जिला सगळं जग राइस पेपर म्हणतं. मी तिथे उभी राहून एकटीच ओरडले, अरे ह्या तर सालपापड्या!! माझी आजी थाळीला पीठ लावून वाफेवर धरायची, हे कापडावर, एवढाच फरक.

होई आनच्या काव लाऊ नावाच्या नूडलवर, शिंपल्यांवर, गुळाच्या केकवर लिहायचंय, पण ड्युटीला उशीर होतोय. उरलेलं प्रतिसादात.

सदाशिवपेठी

माहितीपूर्ण. एक दुरुस्ती. क्वांग नाम नावाचा प्रांत आता अस्तित्वात नाही. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने ६३ चे ३४ केले, त्यात क्वांग नाम दानांग शहरात विलीन झाला. शीर्षक बदलावे.

तिरफळ

@सदाशिवपेठी काका, नकाशावरून गेला, ताटातून गेला नाही ना. शिवाय १ जानेवारी १९९७ ला वेगळे होईपर्यंत दोन्ही एकच होते, म्हणजे भावांनी भिंत पाडून घर परत एक केलं एवढंच. कोला विचारलं तुम्ही आता दानांगच्या का, तर म्हणाल्या, क्वांगच्याच.

आणि वाद घालायचाच असेल तर तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आलात. इथे म्हणच आहे, 'क्वांग नाम हाय काय', म्हणजे क्वांग नामची माणसं भारी वादावादी करणारी. उच्चार अक्षरशः 'हाय काय'.

बंड्या डोंबिवली

हाय काय अन् नाय काय 😂😂 काकांना मानद नागरिकत्व द्या तिथलं

शंकासुर

काव लाऊबद्दल ऐकून आहे की ते होई आनच्या एकाच विहिरीच्या पाण्याने होतं, दुसऱ्या पाण्याने नाही. हे मला टूरिस्टांना गंडवायचं प्रकरण वाटतं. H2O सगळीकडे सारखंच.

तिरफळ

@शंकासुर रात्रपाळी संपली, आता बसून लिहिते.

विहिरीचं नाव बा ले. जुन्या गावातल्या एका चिंचोळ्या गल्लीत आहे, चौकोनी, चाम लोकांच्या काळातली म्हणतात. मीसोनची शिवमंदिरं बांधणारे तेच हे चाम. अजूनही माणसं तिथून पाणी नेतात. पण पाण्यापेक्षा मला इंटरेस्टिंग वाटलं ते राखेचं. काव लाऊचा तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवतात, राख परंपरेने समोरच्या कू लाव चाम बेटावरच्या झाडांच्या लाकडाची. राख पाण्यात घोळायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ घ्यायचं. हे काय झालं? क्षार! आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो तेच. त्याने नूडलला पिवळट-करडा रंग येतो आणि चावायला एक चिवटपणा येतो जो तांदळाच्या नूडलला एरवी कधी नसतो. पीठ वाफवायचं, मळायचं, लाटून कापायचं, परत वाफवायचं. आता पाण्याने फरक पडतो की नाही ते तुम्ही आणि होई आनवाले बघून घ्या, पण राख काढली तर ते काव लाऊ राहणार नाही एवढं नक्की.

वर चिनी शा शिऊ पद्धतीचं मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस, पातळ काप. त्याच पिठाचे चौकोन तळून केलेले खुसखुशीत तुकडे. मूग, पाला, आणि रस्सा मी क्वांगपेक्षाही कमी, चमचाभर. होई आनला जपानी, चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, जपानी लोकांच्या पुलाचं चित्र तर २०,००० डोंगच्या नोटेवर आहे. त्यामुळे काव लाऊ जपान्यांचं की चिन्यांचं यावर इथे जोरात भांडणं होतात. नावाचा अर्थ 'उंच माडी', पैसेवाले व्यापारी माडीवर बसून खायचे म्हणून, असं सांगतात.

आता माझं मत. काव लाऊ चांगलं आहे, पण ते होई आनच्या दोन-चार चौरस किलोमीटरचं आहे, होई आनबाहेर फारसं कोणी घरी करत नाही. मी क्वांग मात्र घरोघरी, लग्नात, श्राद्धाला, शेतात लावणीला माणसं आली की. एक लोकगीतच आहे, माया असेल तर हिरवा चहा वाढा, मी क्वांगचा वाडगा करा आणि जेवायला बसवा, अशा अर्थाचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत मी क्वांग घातलं, हनोई आणि नाम दिन्हच्या फोबरोबरच. ब्लॉगवाले मात्र सगळे काव लाऊच्या मागे, कारण त्याच्याबरोबर विहिरीची गोष्ट फुकट मिळते.

शंकासुर

पापडखाराचं पटलं. विहिरीचं नाही.

कुयरी

ताई मी गुहागरची. तिकडे समुद्र आणि डोंगर एवढे जवळ आहेत तर मासळी आणि फणस दोन्ही असणार ना? आमच्याकडे चैत्रात कोवळ्या फणसाच्या भाजीत जवळा घालतात, तसं काही आहे का

तिरफळ

@कुयरी तुझ्या आयडीसाठीच हा प्रतिसाद!! ऐक. क्वांग नामची सगळ्यात लाडकी लोकगीताची ओळ ही आहे: वरच्या अंगाच्या लोकांना निरोप सांगा कुणीतरी, कोवळा फणस खाली पाठवा, उडता मासा वर पाठवतो.

बास, एवढीच. थू बोन नदीवरून होड्या जायच्या, डोंगरातून फणस, मध, दालचिनी खाली यायची (तिथल्या 'च्या मी' या डोंगराळ भागातली दालचिनी आजही नाव राखून आहे) आणि किनाऱ्यावरून मीठ, मासळी, मासळीचा खार वर जायचा. घाटावरची बैलं आणि कोकणातलं मीठ आठवलं की नाही?

मासा म्हणजे पंखवाला उडणारा, का चुऑन. कालवण असं: कुयरीच्या (कोवळ्या फणसाच्या) फोडी, मासा, ओली हळद ठेचून, कू नेन, शेवटी लोटचा पाला, आपल्या खायच्या पानासारखाच दिसतो, वासाला सौम्य. कोकम नाही आणि खोबरं नाही, हे तुला खटकेल, मला अजून खटकतं. दुसरा प्रकार तळून. माशाच्या पोटात ओली हळद आणि कू नेनचा ठेचा भरतात, मासा मधोमध दुमडून बांधतात आणि शेंगदाणा तेलात तळतात. को हे करायला लागल्या की जिन्यापर्यंत वास येतो आणि मला थेट रत्नागिरीला आमच्या मागच्या पडवीत नेऊन ठेवतो.

आणि बाजारात संध्याकाळी बायका कुयरी उकडून, हाताने चिरडून, दाणे, पुदिना, मिरची, कोळंबी घालून देतात. चमचा नाही, तिळाच्या पापडाने उचलून खायचं. भेळच की.

कुयरी

खाली फणस वर मासा 🥹 आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग ती आपलीच माणसं

कोलंबी६७

होई आनला गेल्या वर्षी जाऊन आलो. नदीपलीकडे काम नाम भागात ते चिमुकले शिंपले खाल्ले होते, आपल्या तिसऱ्यांसमोर अगदी पिल्लू, नखाएवढे. कांदा, मिरची आणि कसल्या तरी उग्र पाल्यात परतलेले, वर दाणे. बिल बघून परत मागवले. तिथेच पापडाला बुक्की मारायचा एक प्रकार होता, नाव विसरलो.

तिरफळ

@कोलंबी६७ बान्ह दप! दप म्हणजे आपटणं. दोन कडक भाजलेल्या चकत्या, मधे एक ओली मऊ चकती तेल लावलेली. समोर आली की वर तळवा ठेवून धप्पकन दाबायची, कडक फुटते आणि मऊला चिकटते. मग मोडून माम नेममध्ये बुडवायची. माम नेम म्हणजे छोट्या माशांचा आंबवलेला खार, त्यात अननस, लसूण, मिरची. वास असा की पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला होता, आणि आता माझ्या फ्रीजमध्ये बाटली असते. सुक्या बोंबलाच्या घरात वाढलेल्या माणसाला दोन आठवडे पुरतात सवय व्हायला, बाकीच्यांचं सांगता येत नाही.

तो उग्र पाला राव राम. कोंबडीभात खाल्लात का? कोंबडीच्या पाण्यात हळद घालून शिजवलेला पिवळाधमक भात, वर हाताने तोडलेली कोंबडी, कांदा आणि हाच पाला. ताम कीचा वेगळा, होई आनचा वेगळा, आणि कुठला भारी यावर, सांगायला नको, हाय काय.

उपासतापास

सगळं वाचलं, तोंडाला पाणी सुटलं आणि मग लक्षात आलं की यातलं एकही आपल्याला चालणार नाही 😐 आम्ही डिसेंबरमध्ये दानांगला येतोय, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. ठेपले किती किलो आणू?

तिरफळ

@उपासतापास थोडे आणा, घाबरू नका. बोर्डवर रोमन लिपीत 'चाय' दिसलं की आत शिरा. चहा मागू नका, चाय म्हणजे शाकाहारी. इथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या प्रतिपदा आणि पौर्णिमेच्या सुमारास, मांसाहार टाळतात. त्या दोन दिवशी तर एरवी मांसमासळीच्या गाडीवरही 'चाय' लागतं. मी क्वांग चाय मिळतं, टोफू, मशरूम, दाणे, पापड तोच. तारखा चांद्र कॅलेंडर बघूनच ठरवा. बुद्धमठांच्या जवळच्या खानावळीत कांदा-लसूणही बऱ्याचदा नसतो, कारण भिक्षू तेही खात नाहीत, सासूबाईंना तिकडेच न्या.

एकच धोका, नुअक माम, माशाचं पाणी. 'मांस नको' म्हटलं तर हसत 'हो हो' म्हणून ते घालतात, कारण त्यांच्या लेखी ते मीठ. म्हणून 'चाय' हाच शब्द धरायचा. आणि दिएन बानकडे 'बे थुई' अशी पाटी दिसेल, ते भाजलेलं वासरू आहे, आधीच सांगून ठेवते म्हणजे सासूबाईंना घेऊन चुकून तिथे बसणार नाही.

चा क्वेला मात्र नक्की जा. होई आनजवळचं पालेभाज्यांचं गाव, वाफ्यांना खत म्हणून नदीतलं शेवाळ घालतात. २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांत निवडलं. पण तुम्ही सकाळी सहाला जा, म्हातारे-म्हाताऱ्या झाऱ्या घेऊन पाणी घालत असतात तेव्हा, दहानंतर सेल्फीवाले येतात. तिथली तुळशीची जातकुळी हुंगून बघा.

सदाशिवपेठी

गोड काही आहे की नाही? इतका वेळ नुसते मासे चालले आहेत.

तिरफळ

@सदाशिवपेठी आहे, आणि तुम्हाला आवडेल कारण गूळ आहे. इथे उसाचा गूळ वाडग्यात ओततात, त्याला 'दुअंग बात', वाडगी-गूळ. त्या गुळाचा पाक, चिकट तांदळाचं पीठ, आल्याचा रस, एवढंच. केळीच्या पानाने मढवलेल्या छोट्या टोपल्यांत ओतून तासन् तास वाफवायचं, वर तीळ. हे बान्ह तो, नवीन वर्षाला, तेतला. गोव्याचा दोदोल खाल्ला असेल तर त्याचा खोबऱ्याविना भाऊ समजा. देवापुढे ठेवतात, मग पंधरा दिवसांनी दगड झाला की काप करून तळतात, आणि खरं सांगते, तो शिळा तळलेलाच जास्त छान लागतो, कडा कुरकुरीत आणि मधे ताणला जातो.

होई आनला संध्याकाळी काळ्या तिळाची गरम गोड पेजही विकतात, 'शी मा'. रंग डांबराचा. डोळे मिटून प्या.

डोंगरातल्या कोतू लोकांचं मात्र नीट लिहायला हवं, मी एकदाच गेलेय लग्नाला. चिकट तांदूळ दोत गवताच्या पानात गुंडाळून रेड्याच्या शिंगांसारखा आकार, दोन-दोन जोडीने बांधून उकडतात, आत ना मीठ ना सारण. बरोबर ता वात नावाच्या झाडाची ताडी, माडीसारखीच, घडाच्या दांड्याला चीर देऊन काढलेली, त्यात एक कडवट साल टाकतात म्हणजे चढते. दोन पेल्यांनंतर मी त्यांना 'लल्लाटी भंडार' शिकवलं, पुढचं आठवत नाही.

मेलबर्नची मावशी

रेसिपी दे बाई. इकडे फुट्सक्रेला व्हिएतनामी दुकानं आहेत, सगळं मिळतं, फक्त डोकं मिळत नाही.

तिरफळ

@मावशी कोची पद्धत, माप नाही. सगळ्यात रुंद राइस नूडल हळदीच्या गरम पाण्यात. शेंगदाणा तेल सढळ, त्यात ठेचलेले छोटे कांदे लाल करून निम्मे बाजूला. उरलेल्या तेलात हळद, तिखट, मग कोंबडी किंवा कोळंबी मीठ-नुअक माम लावून अर्धा तास ठेवलेली. परतून झाली की पाणी फक्त बुडेल इतकंच, आटव. रस्सा चाखलास तर 'अगं बाई खारट' वाटलं पाहिजे, कारण पाला आणि नूडल ते ओढून घेतात. खाली पाला (केळफूल मिळालं तर उत्तम, लिंबाच्या पाण्यात टाक नाहीतर काळं पडेल), वर नूडल, वर ते, बाजूला ठेवलेले कांदे तेलासकट, दाणे, पापड. पापड फक्त तिळाचा तांदळाचा, उडदाचा घालशील तर कळवू नकोस मला.

आणि रस्सा वाढवू नकोस!!

बंड्या डोंबिवली

रविवारी करून बघितलं. नूडल विकत आणायची नाही असं ठरवलं, तिथेच चुकलं. पातेल्यावर आईची जुनी वायलची साडी फाडून बांधली (विचारून), पीठ टाकलं, वीस मोजले, उचलायला गेलो तर निम्मी चकती साडीलाच. दुसरी फाटली. तिसरी चांगली निघाली पण ताटात ठेवली आणि चौथी तिच्यावर ठेवली, तेल लावायचं विसरलो, दोघींचा एक गोळा. एकूण अकरा चकत्या, खाण्यासारखी एक. चिकन मात्र फर्स्ट क्लास झालं, शेवटी भाकरीशी खाल्लं. उरलेल्या चकत्यांचं काय करू? आईने गॅलरीत चादरीवर टाकल्यात.

तिरफळ

@बंड्या तांदूळ कुठला? नवा असेल तर चिकटणारच, जुना घे, आणि कापड जरा सैल बांधलं असणार, ढोलकीसारखं ताणायचं. गॅलरीतल्या वाळल्या की निखाऱ्यावर नाहीतर गॅसवर जाळी ठेवून भाज, सारखी उलटत राहा, फुलल्या की झाली बान्ह चांग. कोला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या विचारतायत साडीचा रंग गेला का चकतीला.

बंड्या डोंबिवली

गेला. मोरपिशी.